रांगेचं शेपूट सांभाळा: मर्यादित बिअर रिलीजच्या दिवसाची तयारी

शनिवारी सकाळी पावणेसातला मी ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या दारानं आत शिरलो, तेव्हा पुढच्या दाराशी एकोणीस माणसं आणि सव्वीस खुर्च्या होत्या. दुकान अकराला उघडणार होतं, आणि मोजक्याच कॅनमध्ये निघालेली एक बिअर त्या दिवशी तिथेच विकायची होती. कॅम्पिंगच्या त्या घडीच्या खुर्च्या, कुणाच्या पाठीवर ब्लँकेट टाकलेलं, कुणाच्या कपहोल्डरमध्ये अर्धी कॉफी. सात खुर्च्या मात्र रिकाम्या. आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत डबा नाहीतर दगड ठेवून नंबर लावायचे, त्याचा हा अमेरिकन अवतार.

मी बॉस्टनच्या बाहेर राहतो. आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि वर्षातले सात-आठ शनिवार एका छोट्या ब्रुअरीत रांग सांभाळायला जातो. पहिल्यांदा गेलो तो मित्राच्या आग्रहाखातर, आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. कागदावर माल पुरेसा दिसत होता. प्रत्यक्षात एक वाजता शेवटचा खोका रिकामा झाला तेव्हा बाहेर साठेक माणसं उभी होती. त्यातला एक जण मेन राज्यातून तीन तास गाडी चालवून आला होता आणि दोन तास रांगेत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "हे तुम्हाला अकरा वाजता माहीत नव्हतं?" माहीत असायला हवं होतं. इथून पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून शिकलेलं आहे.

आधी डबे मोजा, मग माणसं

ही बिअर मर्यादित का असते? टाकी लहान असते म्हणून. आमच्याकडची टाकी १५ बॅरलची. अमेरिकन बॅरल म्हणजे ३१ गॅलन, साधारण ११७ लिटर. न्यू इंग्लंडच्या गढूळ, फळांच्या वासाच्या आयपीएमध्ये (इंडिया पेल एल, एक कडवट बिअर) हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, इतके ओततात की ते स्वतःच बरीच बिअर पिऊन बसतात. हॉप्स आणि यीस्टचा गाळ गेला की हाती येते १२ बॅरलच्या आसपास. एका बॅरलमध्ये १६ औंसाचे, म्हणजे ४७३ मिलीचे, २४८ कॅन बसतात. बारा बॅरलचे झाले २,९७६. कॅन भरताना काही सांडतात, काही अर्धे भरतात. शेवटी १२० खोकी, २,८८० कॅन, म्हणजे चार-चार कॅनचे ७२० फोर-पॅक.

इथपर्यंत गणित सगळेच करतात. चूक पुढे होते, कारण माणशी दोन धरून ७२० भागिले दोन असं करून लोक ३६० माणसांना कबूल होऊन बसतात. त्यातून आधी वजा करा. आमच्याकडे १२ फोर-पॅक चेपलेल्या-गळक्या कॅनपोटी जातात आणि २० कर्मचाऱ्यांचे. उरले ६८८. माणशी दोन म्हणजे ३४४ माणसं. मी मनगटाला बांधायचे पट्टे काढतो ३४०, माणशी एक. उरलेले आठ फोर-पॅक माझ्या हाताखाली राहतात, भांडण मिटवायला. पॅक हातातून पडून फुटला, कुणाला मोजून कमी दिले गेले, असं काहीतरी निघतंच.

माझ्या पहिल्या शनिवारी काय झालं होतं? कर्मचाऱ्यांचा वाटा कुणी धरलाच नव्हता, आणि आदल्या संध्याकाळी मालकानं 'ओळखीच्यांना' म्हणून बरेच खोके बाजूला काढले होते. ओळखीच्यांना द्यायला माझी हरकत नाही. पण ते रांगेच्या गणितात आधी लिहा. आणि खोकी आदल्या रात्री एकदा डोळ्यांनी मोजा. कॉम्प्युटरवरचा आकडा हा आकडा नव्हे.

माणशी किती द्यायचे हा प्रश्न जाहिरात करण्याआधी सोडवा. रांग पाहून मर्यादा बदलू नका. तीनच्या दोन केल्यात तर पहाटे पाचला आलेला माणूस चिडतो. दोनच्या तीन केल्यात तर शेपटाकडचा रिकाम्या हातानं जातो.

काय जाहीर करायचं

पाच गोष्टी: कोणती बिअर, किती रुपये... सवय जात नाही, किती डॉलर, माणशी किती, पट्टे किती वाजता, आणि विक्री किती वाजता. सहावी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे किती वाजण्याआधी यायचं नाही. आम्ही लिहितो: सहाच्या आधी आवारात कुणी थांबू नये. लोक साडेपाचला येतात, पण मध्यरात्री येत नाहीत. एकूण पट्टे ३४० आहेत हेही उघड लिहा. मालकांना वाटतं आकडा सांगितला तर लोक येणार नाहीत. होतं उलट. ज्याला हिशेब कळतो तो उशिरा निघत नाही, आणि ज्याला जमणार नाही तो घरी राहतो.

पट्टा म्हणजे रांगेतून सुटका

हा सगळ्यात मोठा भाग आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

रांगेचं दुखणं उभं राहणं हे कमी आणि अनिश्चितता हे जास्त. पंढरपूरच्या दर्शनबारीत माणूस तासन् तास निमूट उभा राहतो, कारण त्याला ठाऊक असतं की विठोबा संपत नाही. बिअर संपते. म्हणून ती मिळणार की नाही हे शक्य तितक्या लवकर सांगून टाकणं, हे रांग सांभाळणाऱ्याचं पहिलं काम.

साडेआठला पट्टे वाटायला सुरुवात करा. कागदी मनगटपट्टे, चिकटवले की फाडल्याशिवाय निघत नाहीत असे, त्यावर छापील क्रमांक. ज्याचं मनगट समोर आहे त्यालाच. "माझे चार मित्र पार्किंग शोधतायत" याला उत्तर एकच: त्यांना यायला सांगा, ते शेवटी उभे राहतील. आणि रिकाम्या खुर्च्यांबद्दल आमच्या पाटीवर एक ओळ आहे, जी मीच लिहिली आणि जिचा मला जरा अभिमान आहे: खुर्चीला बिअर मिळत नाही. त्या दिवशीच्या सात खुर्च्या मी उचलून भिंतीशी नीट घडी करून ठेवल्या. साडेआठपर्यंत पाच जणांनी मुकाट नेल्या. सहावा भांडला. सातवी अजून आमच्या गोदामात आहे.

पट्ट्यावर क्रमांक असला की वेळही देता येते. आमचे दोन गल्ले मिळून तासाला १६० माणसं मोकळी करतात (कशी, ते पुढे सांगतो), म्हणजे अर्ध्या तासाला ८०. मग १ ते ८० अकरा वाजता, ८१ ते १६० साडेअकराला, असं पुढे. शेवटचे वीस जण एक वाजता. प्रत्येक गटाला वेगळा रंग द्या, दुरून कळतं. हातात पट्टा आला की माणूस रांगेचा राहत नाही. तो जाऊन नाश्ता करतो, गाडीत झोपतो, पोरांना बागेत नेतो. ८५० फुटांची रांग ऐंशी माणसांची होते. ८५० कुठून आले? ३४० माणसं, माणशी अडीच फूट. खुर्च्या, कूलर आणि एखादा कुत्रा धरला की त्याच्या दीडपट.

कॅलिफोर्नियात सांता रोझाला रशियन रिव्हर ब्रुअरी आहे. त्यांची 'प्लिनी द यंगर' ही १०.२५ टक्के अल्कोहोलची कडक 'ट्रिपल' आयपीए २००५ पासून वर्षातून एकदाच निघते. 'प्लिनी द एल्डर' ही त्यांची नेहमीची, ८ टक्क्यांची. नावं रोमन काका-पुतण्याची... नाही, मामा-भाच्याची. थोरल्या प्लिनीच्या बहिणीचा मुलगा धाकटा प्लिनी. मराठीत हा घोळ चटकन सुटतो, इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द. तर २०१० साली या बिअरवर अशी झुंबड उडाली की दोन आठवडे पुरायची ती एका दिवसात संपली. त्यांनी पुढच्या वर्षापासून काय केलं? रोजचा कोटा ठरवला आणि दोन आठवड्यांवर पसरवली. लहान ग्लास, माणशी ठरावीक ग्लास, मनगटाला पट्टा, टेबलावर बसण्याची वेळ बांधलेली. रांग तरीही लागते, पण आज नाही तर परवा, असं म्हणता येतं. तुमच्याकडे ७२० च फोर-पॅक असतील तर दोन आठवडे पसरवता येणार नाहीत, पण शनिवार आणि रविवार नक्की जमतात. अर्धे पट्टे रविवारचे ठेवा. चर्चला जाणारे, लहान मुलं असणारे आणि शनिवारी ड्युटी असणारे तुम्हाला दुवा देतील.

वय तपासणं: पट्ट्याच्या वेळी, गल्ल्यावर नाही

अमेरिकेत २१ पूर्ण लागतात. आयडी एकदाच, पट्टा बांधताना पाहा. गल्ल्यावर तो पाहत बसलात तर माणशी पंधरा सेकंद जातात आणि मागे सगळं तुंबतं.

बऱ्याच राज्यांत २१ च्या आतल्यांचं लायसन्स उभं छापतात आणि वरच्यांचं आडवं, त्यामुळे अर्धं काम नजरेनं होतं. अडचण येते ती परदेशी पासपोर्टची. एका जून महिन्यात पट्टे बांधणाऱ्या मुलीनं एका देशी विद्यार्थ्याला पट्टा बांधला. मी सहज डोकावलो. जन्मतारीख ०५/११. तिनं वाचलं ११ मे, म्हणजे गेल्याच महिन्यात पोरगा एकवीसचा झाला. आपल्या पासपोर्टवर दिवस आधी असतो. ५ नोव्हेंबर. पाच महिने बाकी.

"दादा, राहू दे ना, मी मित्रासाठीच घेतोय," तो हळूच मराठीत म्हणाला. माझ्या टोपीखालून त्याला मराठीपण कसं दिसलं कोण जाणे.

"मित्राला पाठव. नोव्हेंबरात ये, पहिला पट्टा मी बांधतो."

पट्टा कापला. ब्रुअरीचा परवाना त्या एका तारखेवर गेला असता. तेव्हापासून टेबलावर एक कागद चिकटवलेला असतो: परदेशी पासपोर्टवर दिवस आधी, महिना नंतर. त्याखाली 'आज २१ पूर्ण म्हणजे या तारखेचा किंवा त्याआधीचा जन्म' अशी त्या दिवसाची तारीख. मनात वजाबाकी करायला लावू नका, साडेआठला कुणाचीही चुकते.

जाता जाता: भारतातून आलेल्या आईबाबांना हौसेनं रांगेत आणणार असाल तर त्यांचा पासपोर्ट बरोबर ठेवा. केस पांढरे असले तरी मागतात. आधार कार्ड दाखवून भागत नाही. आमच्याकडे एका काकांनी ते बाणेदारपणे पुढे केलं होतं.

गल्ला: तिसरा माणूस नको, आधी बांधलेल्या पिशव्या हव्यात

पहिल्या वर्षी आम्ही वेळ मोजला. एका गिऱ्हाइकाला ७५ सेकंद लागत होते. "कोणती हवी?", मग मागे वळून खोक्यातून पॅक काढणं, "पिशवी आहे का?", कार्ड, पावती. ७५ सेकंद म्हणजे एका गल्ल्यावर तासाला ४८ माणसं, दोन गल्ल्यांवर ९६. ३४० माणसांना साडेतीन तास. मालक म्हणाला तिसरा गल्ला टाकू. त्यानं तासाला १४४ झाले असते आणि काम दोन तास वीस मिनिटांवर आलं असतं, पण आणखी एक माणूस, एक मशीन, एक वायफायची कटकट.

आम्ही वेगळं केलं. दोन-दोन फोर-पॅक आदल्या रात्रीच कागदी पिशव्यांत भरून शीतखोलीत रचले. किंमत पूर्ण डॉलरात बसवली. ज्यांना एकच पॅक हवा त्यांच्यासाठी वेगळी छोटी चळत. गल्ल्यावरच्या माणसानं पट्टा पाहायचा, कापायचा, कार्ड लावून घ्यायचं. पिशवी देणारा दुसरा. वेळ आला ४५ सेकंदांवर. एका गल्ल्यावर तासाला ८०, दोनवर १६०, काम दोन तास दहा मिनिटांत. म्हणजे तिसऱ्या गल्ल्यापेक्षाही लवकर.

पट्टा गल्ल्यावर कापलाच पाहिजे. नाहीतर तोच हात पुन्हा येतो. कापलेले तुकडे डब्यात टाका, शेवटी मोजायला लागतात.

जे टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतल्याच बारमध्ये, बसून प्यायला आले आहेत त्यांना कॅनच्या रांगेत घुसळू नका. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच. दरवाजाही वेगळा असेल तर उत्तम. नसेल तर मध्ये दोर बांधा आणि जमिनीवर खडूनं बाण काढा. लोक पाटी वाचत नाहीत, पण पायाखालचा बाण पाळतात.

सगळ्यात चांगला माणूस शेपटाला

मालकांचा ओढा हुशार माणूस गल्ल्यावर बसवायचा. मी म्हणतो त्याला रांगेच्या शेवटी उभं करा. गल्ल्यावरच्या माणसाकडे आनंदी लोक येतात, ज्यांना बिअर मिळणारच आहे. शेपटाकडे येतात ते दोन तास गाडी चालवून आलेले आणि अंदाज नसलेले. त्यांना खरं सांगायला धीट आणि गोड माणूस लागतो.

सव्वाआठला, पट्ट्यांच्या पंधरा मिनिटं आधी, शेपटाच्या माणसानं रांग पायी मोजायची. डोकी मोजायची, खुर्च्या नाहीत. मग ३०० व्या माणसाच्या आसपास थांबून पुढे प्रत्येकाला वैयक्तिक सांगायचं: "तुम्ही साधारण तीनशे विसावे, मिळेल." "तुम्ही तीनशे पन्नासावे, बहुतेक मिळणार नाही, कुणी पुढचा निघून गेला तरच." असं ऐकून निम्मे लोक निघतात, निम्मे थांबतात. दोघेही रागावत नाहीत, कारण ठरवलं त्यांनी. ३४० वा पट्टा गेला की तो माणूस हातात पाटी घेऊन फाटकापाशी जातो, म्हणजे नवी गाडी आत वळण्याआधीच चालकाला कळतं. पार्किंग शोधून, उतरून, चालत येऊन मग 'संपली' ऐकणं हे दुप्पट लागतं.

भाडोत्री उभे राहणारे ओळखू येतात. इथे त्यांना म्यूल म्हणतात, खेचरं. एकाच गाडीतून पाच जण, बिअरचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, पैसे एकाच्याच खिशात. माणशी मर्यादा पाळली तर मी त्यांना अडवत नाही. पण पाचही पिशव्या एकाच कार्डावर देत नाही. प्रत्येकानं आपापलं कार्ड. अर्ध्या खेचरांचा धंदा तिथेच बसतो.

शेजारी, थंडी आणि लघवी

व्हरमाँटमधल्या वॉटरबरीची 'द अल्केमिस्ट' ही ब्रुअरी 'हेडी टॉपर' या बिअरसाठी जगभर माहीत आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा पब उद्ध्वस्त झाला. कॅन भरण्याची नवी जागा मात्र वाचली, आणि तिथल्या दुकानावर गर्दी इतकी वाढली की गाड्या, पार्किंग आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांपायी त्यांनी २०१३ च्या नोव्हेंबरात ते दुकान बंद केलं. बिअर खपत होती, तरीही. पुढे २०१६ साली स्टोव गावात मोठी जागा बांधून पुन्हा थेट विक्री सुरू झाली. शेजाऱ्याच्या फाटकासमोर लागलेली एक गाडी किती महाग पडू शकते, ते यावरून समजा.

म्हणून आदल्या आठवड्यात शेजारच्या दारांवर स्वतः जा, चिठ्ठी नको. फोन नंबर द्या, जो त्या दिवशी उचलला जाईल. रांग रस्त्याकडे न वाढता इमारतीच्या मागे वळेल अशी आखा. अग्निशमनाची वाट आणि अपंगांचं पार्किंग मोकळं ठेवा. पोर्टेबल टॉयलेट भाड्यानं आणा. महाग वाटेल, पण शेजाऱ्याच्या कुंपणाला ओल आली तर त्याहून महाग पडतं. फेब्रुवारीत गरम पाणी आणि चहा, जुलैत थंड पाणी, फुकट.

रांगेत लोक आपापल्या बाटल्या उघडून एकमेकांना चाखवतात, ही इथली जुनी रीत. गंमत असते, ओळखी तिथेच होतात. पण पार्किंगमध्ये उघडी दारू बहुतेक गावांत नियमाबाहेर असते आणि निस्तरावं लागतं ब्रुअरीला. आम्ही बंदी घातली आणि बदल्यात टॅपरूममध्ये अर्धं टेबल चाखण्यासाठी मोकळं ठेवलं. बारा जण नाराज झाले. चालतं.

रांगच नको असेल तर

बेल्जियमच्या सिंट सिक्स्टस मठातले भिक्षू वेस्टव्लेटेरन बिअर करतात. गावात गाड्यांची मैलभर रांग लागू लागली तेव्हा त्यांनी फोनवर आगाऊ नोंदणी सुरू केली. गाडीचा नंबर नोंदवायचा, दिलेल्या दिवशी त्याच गाडीतून यायचं, मोजके क्रेट न्यायचे आणि पुढचे ६० दिवस पुन्हा मागायचे नाहीत. फोन मात्र कायम व्यग्र. म्हणजे रांग रस्त्यावरून तारेवर गेली. २०१९ पासून ते ऑनलाइन घेतात. आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या ट्री हाउस ब्रुअरीनं २०२० च्या साथीत आधी ऑनलाइन मागणी आणि मग गाडीतच माल, असं सुरू केलं.

ऑनलाइन जायचं तर 'आधी येईल त्याला' ठेवू नका. ते नव्वद सेकंदांत संपतं आणि जलद इंटरनेटवाल्याला आणि बॉटला, म्हणजे आपोआप मागणी नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमला, मिळतं. दिवसभर नावं घ्या आणि रात्री सोडत काढा. पण खरं सांगू? सोडत न्याय्य असली तरी मला ती रांगेइतकी आवडत नाही. पहाटे सहाला थंडीत कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या थर्मासमधली कॉफी पुढे करतो, ते सोडतीत होत नाही. लहान ब्रुअरीला गिऱ्हाईक त्या कॉफीवर मिळतं.

दुपारी दीडनंतर

दिलेल्या वेळेला न आलेले पट्टे निघतातच. आमच्याकडे शेवटच्या शनिवारी अकरा निघाले. दीड वाजेपर्यंत वाट पाहायची, हे पाटीवर आधीच लिहिलेलं असतं. मग त्या बावीस पॅकांची विक्री जे अजून थांबले आहेत त्यांना, आलेल्या क्रमानं, माणशी एक. यादी शेपटाच्या माणसाच्या वहीत असते. मालकाच्या मित्राला ते पॅक जाता कामा नयेत, कारण बघणारे बघत असतात.

मग कापलेले पट्टे मोजा, उरलेल्या पिशव्या मोजा, गल्ल्याशी ताळा घाला. पहिला माणूस किती वाजता आला, पट्टे किती वाजता संपले, साडेबाराला रांग किती होती, फुटलेले कॅन किती, हे त्याच दुपारी लिहून ठेवा, सोमवारी आठवत नाही. माझ्या वहीत शेवटच्या शनिवारची नोंद अशी आहे: पहिला ५.३५, पट्टे संपले ९.५०, परत पाठवले ४१, पैकी रात्री ईमेलवर भांडले २, भिंतीशी खुर्ची १.